थंडीचा महिना ‘सरासरीपेक्षा उष्ण’: हा हिशेब लावतात कसा?

२०२५ चा फेब्रुवारी संपला आणि हवामान खात्याने जाहीर केलं, की १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला हा सर्वांत उष्ण फेब्रुवारी. महिन्याचं देशाचं सरासरी तापमान २२.०४ अंश सेल्सिअस, नेहमीचं २०.७० अंश, फरक १.३४ अंशांचा. त्याआधीचा जानेवारीही १९०१ पासूनचा तिसऱ्या क्रमांकाचा उष्ण जानेवारी ठरला होता.

अशा बातमीवरच्या प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. मुंबई-ठाण्याकडचा माणूस म्हणतो, यात नवीन काय सांगितलं? फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात सांताक्रूझला पारा ३८ अंशांच्या वर गेला होता, उष्णतेच्या लाटेचा इशारा होता. निफाडकडचा बागायतदार म्हणतो, कसला उष्ण महिना, पहाटे बागेत जायचं तर कानटोपी लागत होती. आणि तिसरा कुणीतरी असतोच: “सव्वा अंश? त्यासाठी एवढी बातमी?”

तिघांचे अनुभव खरे आहेत आणि आकडाही खरा आहे. गोंधळ होतो तो ‘सरासरी’ या एका नावाखाली तीन-चार वेगवेगळे हिशेब दडलेले असतात म्हणून. ते एकेक सुटे करून पाहू.

## एका दिवसाचं तापमान म्हणजे काय

वेधशाळेच्या आवारात हिरवळीवर चार पायांवर उभी असलेली पांढरी लाकडी पेटी तुम्ही पाहिली असेल. तिच्या चारही बाजूंना झडपा असतात, म्हणजे वारा आत-बाहेर खेळतो, पण ऊन थेट आत जात नाही. दार उत्तरेकडे उघडतं, त्याचं कारणही तेच. आतले तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर असतात. थोडक्यात, हवामान खात्याचं तापमान म्हणजे सावलीतल्या, वाहत्या हवेचं तापमान. आपल्या गच्चीवरच्या पत्र्याचं नव्हे आणि गाडीच्या काचेवर दिसणारं तर मुळीच नव्हे.

या पेटीतला किमान तापमापक मोठा गमतीचा आहे. त्यात पारा नसतो, अल्कोहोल असतं आणि त्या अल्कोहोलात एक बारीकशी काडी बुडालेली असते. रात्री हवा गार होते तसं अल्कोहोल आकसतं आणि आपल्या टोकाबरोबर काडीला मागे ओढत नेतं. सकाळी हवा तापली की अल्कोहोल काडीला न हलवता तिच्या बाजूने पुढे निघून जातं. काडी मात्र रात्री जिथवर मागे गेली तिथेच पडून राहते. सकाळी साडेआठला निरीक्षक येतो, काडीचं टोक कुठे आहे ते वाचतो, वहीत लिहितो आणि तापमापक तिरपा करून काडी पुन्हा जागेवर आणतो. आता बऱ्याच ठिकाणी स्वयंचलित केंद्रं आली आहेत, पण जुन्या नोंदींची शंभरेक वर्षं अशीच जमलेली आहेत.

कमाल आणि किमान यांची बेरीज भागिले दोन, की झालं त्या दिवसाचं सरासरी तापमान.

इथेच महाबळेश्वरच्या कोड्याचा उलगडा होतो. दर हिवाळ्यात फोटो येतात: वेण्णा तलावाच्या जेटीवर, गाड्यांच्या टपावर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर हिमकण. म्हणजे तिथे शून्य अंश. आणि त्याच दिवशी वेधशाळेचं किमान तापमान त्याहून कितीतरी अंशांनी जास्त! खोटं कोण बोलतंय? कुणीच नाही. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन, गवत आणि पत्रा आपली उष्णता थेट आकाशाकडे सोडतात आणि सव्वा मीटर वरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त गार होतात. शिवाय गार हवा जड असते. ती उतारावरून घरंगळत तलावाच्या खोलगटात साचते. पानावरचा बर्फ खरा आणि पेटीतला आकडाही खरा; दोघांनी मोजलेली वस्तू वेगळी.

## ३१ दिवसांची मोट बांधल्यावर

आता महिना घ्या. पुण्यात शिवाजीनगरला जानेवारीचं सरासरी किमान तापमान ११ अंशांच्या आसपास असतं. समजा, एखाद्या जानेवारीत २० रात्री १३ अंशांच्या गेल्या आणि ११ रात्री ८ अंशांच्या. हिशेब करून बघा: महिन्याची सरासरी येते ११.२. म्हणजे कागदावर महिना सरासरीइतकाच. पण ज्याला विचाराल तो सांगेल, यंदा दहा-अकरा दिवस काय हुडहुडी भरली होती! कारण १३ अंशांच्या वीस रात्री कुणाच्या लक्षात राहत नाहीत. आठवण कडाक्याच्या दिवसांची राहते, सरासरीत मात्र सगळे दिवस सारखेच मोजले जातात.

याची दुसरी बाजू अशी, की आपला नेहमीचा दिवस म्हणजे ‘सरासरी’ दिवस, ही समजूतच चुकीची आहे. सरासरी म्हणजे हवामानाने पाळायचा नियम नव्हे. म्हणून रोजच्या तापमानात दीड अंश इकडे-तिकडे झालं, तर हवामान खातं त्याला सामान्यच म्हणतं. तीन अंशांच्या पुढे फरक गेला तर ‘लक्षणीय’ आणि पाचाच्या पुढे गेला तर त्याहून वरची पायरी.

## कोणत्या वर्षांची सरासरी?

हा या लेखातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, आणि बातमीत नेमका तोच गाळलेला असतो.

जगभरात ३० वर्षांची सरासरी ‘सामान्य’ धरतात. पहिला असा कालखंड होता १९०१ ते १९३०. तीसच का? पाच-सात वर्षं घेतली तर दोन-तीन विचित्र हिवाळे सगळा आकडा फिरवून टाकतात. शंभर वर्षं घेतली तर आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळातलं हवामान आजच्या गळ्यात बांधल्यासारखं होतं. तीस वर्षं हा मधला मार्ग. जागतिक हवामान संघटनेने २०१५ मध्ये ठरवलं, की हा कालखंड दर दहा वर्षांनी पुढे सरकवायचा. त्यामुळे आपल्याकडे तापमानासाठी आता १९९१ ते २०२० ही वर्षं धरतात. त्याआधी १९८१ ते २०१० धरत होते.

घरच्या किराण्याचं घ्या. गेल्या काही वर्षांची महिन्याची सरासरी काढली आणि या महिन्याचं बिल तिच्याशी ताडून पाहिलं, तर ‘नेहमीएवढंच आलं’ असं म्हणता येईल. तेच बिल वीस वर्षांपूर्वीच्या सरासरीशी ताडा, डोळे पांढरे होतील. बिल तेच असतं, फक्त पट्टी बदललेली असते. हवामानाचं असंच आहे. दर दहा वर्षांनी पट्टी पुढे सरकते आणि तापमान वाढतच असल्यामुळे नवी सरासरी जुनीपेक्षा सहसा थोडी वरच येते. म्हणून आज ‘सामान्य’ ठरलेला जानेवारी १९६१ ते १९९० च्या पट्टीने उष्ण निघू शकतो. आणि आजच्या वर सरकलेल्या पट्टीनेही एखादा महिना सव्वा अंशाने जास्त निघाला, तर तो जुन्या पट्टीने किती निघेल याचा अंदाज करता येईल.

हे लबाडीचं नाही का? अनेकांना वाटतं, वाढ लपवायला सरासरी बदलतात. तसं नाही. रोजच्या कामाला, म्हणजे वीज किती लागेल, पेरणी कधी करायची, यासाठी अलीकडचीच सरासरी उपयोगी. १९६० च्या थंडीच्या हिशेबाने आज पीक नियोजन करून काय उपयोग? पण हवामान बदलाची वाटचाल मोजायची असेल तर पट्टी एका जागी ठोकून ठेवावीच लागते. म्हणूनच जागतिक हवामान संघटनेने २०१५ च्या त्याच ठरावात १९६१ ते १९९० हा काळ दीर्घकालीन तुलनेसाठी कायम ठेवला आहे. दोन कामं, दोन पट्ट्या. वाईट एवढंच, की बातमीत कोणती पट्टी वापरली ते लिहायची पद्धत नाही.

त्याचा परिणाम पाहा. २०२४ बद्दल दोन आकडे एकाच आठवड्यात वाचायला मिळाले. जग १.५५ अंशांनी तापलं आणि भारत ०.६५ अंशांनी. लगेच निष्कर्ष निघाला: म्हणजे आपण निम्म्याहून कमी तापलो! हा निष्कर्ष त्या आकड्यांतून निघत नाही. जगाचा आकडा १८५० ते १९०० च्या, कारखानदारी वाढण्याआधीच्या तापमानाशी ताडलेला होता. भारताचा आकडा १९९१ ते २०२० च्या सरासरीशी ताडलेला. दोन बिलं दोन वेगळ्या सरासऱ्यांशी ताडून कोण स्वस्तात सुटलं ते ठरत नाही.

## विक्रम रात्री झाला

आता फेब्रुवारी २०२५ उघडून पाहू, कारण त्यात एक गोष्ट अशी आहे जी मथळ्यात आली नाही.

देशाचं सरासरी कमाल तापमान होतं २९.०७ अंश, नेहमीपेक्षा १.४९ अंशांनी जास्त. तरी तो उच्चांक नव्हता; २०२३ चा फेब्रुवारी दिवसा याहून तापलेला होता. किमान तापमान होतं १५.०२ अंश, नेहमीच्या १३.८२ पेक्षा १.२० अंशांनी जास्त, आणि १९०१ पासून कुठल्याच फेब्रुवारीत ते इतकं नव्हतं. म्हणजे दिवसाचा क्रमांक दुसरा, रात्रीचा पहिला, आणि दोन्हींची सरासरी पहिली. थंडी दिवसा कमी झाली तर आपण लगेच बोलतो. रात्रीची थंडी चोरपावलांनी जाते.

रात्र गार का होते, किंवा होत नाही? दिवसभर तापलेली जमीन रात्री उष्णता सोडते. आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असेल तर ती उष्णता निघून जाते आणि पहाटे पारा तळ गाठतो. हवेत बाष्प असेल, ढग असतील, तर ती अडते. म्हणून बंगालच्या उपसागरात वादळ झालं की आपल्याकडची थंडी पळते. नोव्हेंबर २०२४ च्या अखेरीला ‘फेंगल’ चक्रीवादळ पुदुच्चेरीजवळ किनाऱ्याला लागलं. वादळ तिकडे, पण त्याने ढकललेलं बाष्प इकडे. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात महाराष्ट्रात ढगाळ हवा आणि थंडीने दडी मारलेली.

दुसरी कळ उत्तरेत असते. भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी झंझावातांमुळे हिमालयात बर्फ आणि पंजाब-हरियाणात पाऊस पडतो. ते पुढे सरकले की मागून उत्तरेचे कोरडे, गार वारे सुटतात आणि दोन-तीन दिवसांत आपल्याकडे पारा घसरतो. झंझावात कमजोर पडले की हा पुरवठाच आटतो. जानेवारी २०२५ मध्ये देशभरात सरासरी फक्त ४.५ मिलिमीटर पाऊस झाला, जानेवारीचा नेहमीचा पाऊस १७ मिलिमीटरच्या आसपास असताना. १९०१ पासूनचा तो चौथा कोरडा जानेवारी. बर्फ आणि पाऊस नाही, तर मागचे गार वारेही जेमतेम.

त्या हिवाळ्यात ‘ला निना’ येणार म्हणून कडाक्याची थंडी पडणार, असे संदेश महिनोन्‌महिने फिरत होते. ला निना म्हणजे प्रशांत महासागराच्या मध्य आणि पूर्व भागातलं पाणी नेहमीपेक्षा गार होणं. जानेवारीत अमेरिकेच्या हवामान संस्थेने ती आल्याचं जाहीरही केलं, पण ती दुबळी होती. आपला महिना तिसऱ्या क्रमांकाचा उष्ण निघाला. ला निनाचं वजन आहे, पण पारड्यात इतरही वजनं असतात.

## “पण आमच्याकडे तर थंडी होती!”

असेलच. ‘देशाची सरासरी’ हे तापमान कुठल्याच गावात नसतं. लडाख ते कन्याकुमारी एकत्र करून काढलेला तो आकडा आहे.

२२ जानेवारी १९६२ ची रात्र घ्या. मुंबईत सांताक्रूझला किमान तापमान ७.४ अंश नोंदलं गेलं, आजवरचं सर्वांत कमी. त्याच रात्री कुलाब्याला ११.७. शहर एक, रात्र एक, फरक चार अंशांहून जास्त. कुलाबा तिन्ही बाजूंनी समुद्राला लागून आहे आणि समुद्र रात्री जमिनीइतका गार होत नाही. पुण्यातही हेच: पाषाण, एनडीए, हवेलीकडे पारा खाली असतो तेव्हा मगरपट्टा, कोरेगाव पार्ककडे चार-पाच अंश जास्त दाखवतो. काँक्रीट आणि डांबर दिवसा उष्णता साठवतात आणि रात्रभर थोडी थोडी सोडत बसतात.

हवामान खातं महाराष्ट्राचे चार उपविभाग मानतं: कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ. विदर्भाला उत्तरेचा वारा थेट लागतो. नागपूरला २९ डिसेंबर २०१८ रोजी ३.५ अंशांची नोंद झाली आणि १९३७ चा विक्रम मोडला. त्याच दिवशी रत्नागिरीत कुणी शेकोटी शोधली असेल असं वाटत नाही. तेव्हा बातमीत ‘राज्यात थंडी वाढली’ दिसलं की आपला उपविभाग कोणता ते आधी पाहावं.

वेधशाळा शहरांत आहेत, शहरं तापली म्हणून सरासरी वाढलेली दिसते, असाही आक्षेप असतो. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. शहरातल्या केंद्रावर शहराची उष्णता दिसते, आणि तिथे राहणाऱ्याला ती सोसावीही लागते. पण खुला समुद्रही तापतोय, हिमालयातल्या हिमनद्याही मागे हटताहेत. तिथे ना सिमेंट, ना डांबर.

## “१९५८ मध्ये कुठे होत्या एवढ्या गाड्या?”

चांगला प्रश्न आहे. जानेवारी २०२५ तिसरा. पहिल्या दोन जागा १९५८ आणि १९९० च्या जानेवारीकडे आहेत. मुंबईचं फेब्रुवारीतलं सर्वोच्च तापमानही २०२५ चं नाही, ते ३९.६ अंश आहे आणि २५ फेब्रुवारी १९६६ चं आहे. मग तापमानवाढीची बोंब कशाला?

कारण सुटा महिना काहीच सिद्ध करत नाही, ना या बाजूने, ना त्या बाजूने. १९५७-५८ मध्ये प्रशांत महासागरात जोरदार एल निनो होता, म्हणजे ला निनाच्या उलट, तिथलं पाणी नेहमीपेक्षा गरम होतं. अशी नैसर्गिक चढउतार पूर्वीही होती, पुढेही राहील. पाहायचं असतं ते विक्रम किती दाटीने येताहेत याकडे. देशपातळीवर २०२२ चा मार्च कमाल तापमानात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण, २०२३ चा फेब्रुवारी कमाल तापमानात सर्वांत उष्ण, २०२४ चा ऑक्टोबर सर्वांत उष्ण, २०२४ हे पूर्ण वर्ष सर्वांत उष्ण आणि मग २०२५ चा फेब्रुवारी. शंभर वर्षांत देशाचं सरासरी तापमान सुमारे ०.६ ते ०.७ अंशांनी वाढलं आहे. तळ वर उचलला गेला, की नेहमीची लाटसुद्धा पूर्वीपेक्षा वर पोचते.

थंडी संपली असा याचा अर्थ नाही. नागपूरचा ३.५ अंशांचा विक्रम याच तापलेल्या काळातला आहे.

## थंडीची लाट कधी म्हणायची

कुडकुडायला लागलं की आपण लाट म्हणतो. हवामान खात्याच्या दोन अटी असतात. मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली हवं आणि ते सरासरीपेक्षा निदान ४.५ अंशांनी कमी हवं. फरक ६.४ अंशांच्याही पुढे गेला तर तीव्र लाट. पारा ४ अंशांवर किंवा त्याखाली गेला तर मात्र सरासरी न पाहता लाट. किनारपट्टीवर १० अंश जवळपास अशक्यच, म्हणून तिथे १५ अंशांची अट.

नागपूरची जानेवारीतली किमान सरासरी १३ च्या आसपास. म्हणजे तिथे ९ अंशांना दात वाजले तरी ती लाट नाही, ८.५ च्या खाली जायला हवं. पुण्यात त्यासाठी साडेसहाच्या आसपास यावं लागतं. म्हणून ‘थंडीची लाट नाही’ या वाक्याचा अर्थ ‘थंडी नाही’ असा घेऊ नये.

## हिवाळ्यातल्या पावसाची टक्केवारी: इथे सावध

हिवाळ्यात महाराष्ट्रात पाऊस जवळजवळ नसतोच. समजा, एखाद्या जिल्ह्याची जानेवारीची सरासरी ५ मिलिमीटर आहे आणि एका दुपारी गारपिटीसह २० मिलिमीटर पाऊस झाला. तक्त्यात येणार: सरासरीपेक्षा ३०० टक्के जास्त. ऐकायला पूर आल्यासारखं वाटतं. पावसाळ्यात तेवढ्या पावसाची कुणी दखलही घेणार नाही. उलट, महिनाभर थेंब पडला नाही तर तक्ता म्हणणार उणे १०० टक्के, आणि द्राक्ष बागायतदार म्हणणार देव पावला. आधाराचा आकडा लहान असला की टक्केवारी बेभान होते. तिथे मिलिमीटरच पाहावेत. (पावसासाठी पट्टीही वेगळी, बरं का: तीस नव्हे, १९७१ ते २०२० अशी पन्नास वर्षांची.)

## सव्वा अंशाने बिघडतं काय?

एका गावात एका दिवशी सव्वा अंशाने काहीच बिघडत नाही. पण हा अख्ख्या देशाचा, अख्ख्या महिन्याचा आकडा आहे. कुठे गार, कुठे गरम, कधी वर, कधी खाली असं होऊन फरक एकमेकांत जिरून जायला हवे होते. ते जिरूनही १.३४ उरले. देशाचा एक तृतीयांश भाग अगदी सरासरीवर राहिला असं धरलं, तर बाकीच्या दोन तृतीयांश भागाला महिनाभर, रोज, दिवसरात्र दोन अंशांनी जास्त तापावं लागतं, तेव्हा हा आकडा येतो.

गव्हाला हे कळतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये गव्हाचा दाणा भरत असतो. रात्री उबदार राहिल्या की झाड दिवसा कमावलेलं अन्न रात्री श्वसनात खर्च करतं, पीक घाईने पक्व होतं आणि दाणा चिमतो. २०२२ च्या मार्चमधल्या उष्णतेने उत्तरेत हेच केलं आणि १३ मे रोजी केंद्र सरकारने गव्हाच्या निर्यातीवर बंदी घातली.

द्राक्षाचं गणित याच्या उलट चालतं. नाशिक-सांगलीकडे पारा फार उतरला की मण्यांची फुगवण थांबते, तयार मालाला तडे जातात. म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटतात आणि ठिबकने पाणी सोडलं जातं. ढगाळ हवा आली की भुरी या बुरशीजन्य रोगाची धास्ती. कोकणात आंब्याला मोहोर फुटायला गार रात्री हव्यात, पण थंडी लांबली तर पुन्हा मोहोर येतो आणि झाड नव्या मोहोराला पोसताना आधीची बारीक फळं गळतात. एकाच महिन्याचा एकच आकडा एकाला मारक आणि दुसऱ्याला तारक. ‘थंडी चांगली पडली’ हे वाक्य कोणत्या पिकाच्या वतीने म्हणताय ते सांगावं लागतं.

## आता अंदाजाचा नकाशा

हवामान खातं महिन्याचा अंदाज देतं तेव्हा रंगीत नकाशा येतो आणि मथळा होतो: ‘जानेवारीत थंडी कमी’. नकाशा प्रत्यक्षात तसं म्हणत नसतो. गेल्या तीस वर्षांचे जानेवारी सर्वांत गार ते सर्वांत उष्ण असे ओळीने लावा आणि दहा-दहाचे तीन गट करा: गार, मधले, उष्ण. काहीच माहिती नसेल तर पुढचा जानेवारी कोणत्याही गटात पडण्याची शक्यता सारखीच, साधारण ३३ टक्के. नकाशात एखाद्या भागावर उष्ण गटाची शक्यता ५० टक्के दाखवली, तर उरलेले ५० टक्के बाकीच्या दोन गटांत आहेत. शिवाय किती अंशांनी जास्त, हे तो नकाशा सांगतच नाही. आणि चार रात्री कडाक्याच्या येणार नाहीत, असं तर मुळीच नाही.

आणखी एक खोच. हवामान खात्याच्या वर्गवारीत हिवाळा म्हणजे फक्त जानेवारी आणि फेब्रुवारी. डिसेंबर ‘मान्सूनोत्तर’ काळात जातो. मार्गशीर्ष-पौषाचा हेमंत म्हणजे थंडी हे ज्याच्या डोक्यात पक्कं आहे, त्याला हे पटायचं नाही. हिवाळ्याचा अंदाज देताना मात्र खातं स्वतःच डिसेंबर ते फेब्रुवारी असे तीन महिने धरतं. तेव्हा ‘यंदाचा हिवाळा’ असं वाचलं की डिसेंबर आत आहे की बाहेर, हे तपासून घ्यावं.

आणि पहाटे बागेत शेकोटी पेटवायची की नाही, हा प्रश्न असेल तर महिन्याचा नकाशा त्या कामाचा नाही. त्यासाठी दर मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला निघतो. पुढच्या पाच दिवसांचं किमान तापमान, ढग, वारा, सगळं त्यात जिल्हावार असतं.